देवाला जाब विचारणारं घर : चोखोबा, सोयराबाई, कर्ममेळा आणि पुढची गाणी

भीमाकाठ (धागाकर्ती)

एकाच घरातली पाच माणसं अभंग रचत होती. चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा आणि निर्मळेचा नवरा बंका. काळ तेराव्या-चौदाव्या शतकाचा, गाव मंगळवेढं. वाट्याला गावकीची कामं : मेलेली गुरं ओढायची, बोलावतील तिथे वेठीला जायचं, आणि त्याबद्दल जे उष्टं मिळेल ते खायचं.

चोखोबांवरचे लेख बहुतेक वेळा 'ऊस डोंगा'पासून सुरू होतात नि तिथेच संपतात. ऊस वाकडा असला तरी रस वाकडा नसतो, किती सुंदर, टाळ्या. मला घरातल्या बाकीच्यांबद्दल बोलायचंय.

सोयराबाईचा 'अवघा रंग एक झाला' किशोरीताई आमोणकरांमुळे घरोघरी पोचला. मैफलीत तो ऐकताना डोळे मिटणाऱ्या किती जणांना तिचा दुसरा अभंग माहीत असेल, कोण जाणे :

देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो झाला कवण धर्म ॥

पहिली ओळ नेहमीच्या वेदान्तातली वाटते. दुसरीत मात्र बाई उलटतपासणीला उभी राहते. विटाळ देहातच जन्मतो म्हणता, मग देह असलेला कोण कसा सोवळा झाला ते सांगा. जातीचा विटाळ आणि वर महिन्याचा विटाळ, असे दोन्ही जिने सोसले तिने हे विचारलंय, म्हणून त्याला धार आहे.

आता पोराकडे या. चोखोबांबद्दलची एक आख्यायिका सगळ्यांना माहीत असते : खुद्द विठ्ठल त्यांच्याकडे जेवायला बसला, वाढताना सोयराबाईच्या हातून दही सांडलं, चोखोबा म्हणाले, अगं देवाचा पीतांबर भिजला, जपून. बाजूने जाणाऱ्या बडव्याने ते ऐकलं आणि हा देवाला बाटवतो म्हणून चोखोबांच्या थोबाडीत मारली. देवळात पाहतात तर मूर्तीचा गाल सुजलेला. कीर्तनात इथे लोक गहिवरतात. कर्ममेळा गहिवरत नाही :

आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥
जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुझ्या चित्ता ॥
आमचे घरीं भात दही । खावोनि कैसा म्हणसी नाही ॥

बापाच्या पिढीला देव घरी जेवला याचंच अप्रूप. पोरगं हिशोब मांडतंय : आमच्याकडचा दहीभात खाऊन गेलास ना? मग आता ओळख का दाखवत नाहीस? देवाला 'तुला लाज वाटत नाही का' हे मराठीत इतक्या रोखठोकपणे म्हणणारा त्याच्याआधीचा दुसरा कवी मला तरी आठवत नाही.

शेवटही बघा कसा. शके १२६०, म्हणजे १३३८ साली मंगळवेढ्यात कुसवाचं काम चाललं होतं. त्या कामावर चोखोबा होते. भिंत कोसळली आणि ते इतर मजुरांबरोबर गाडले गेले. नामदेवांनी ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरपूरला आणली आणि महाद्वारासमोर समाधी दिली, असं परंपरा सांगते. महाद्वाराच्या आत नाही, समोर. आणि पुढची सहाशे वर्षं त्यांच्या जातीच्या वारकऱ्याची वारी त्या समाधीपाशीच संपत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. पाटलाला किंवा बडव्याला 'लाज वाटत नाही का' असं विचारायची सोय नव्हती, जीव गेला असता. विठोबाला विचारता येत होतं, आणि तेही चारचौघांत, टाळाच्या ठेक्यावर. श्रद्धा होती म्हणून तक्रार दाखल करायला एक जागा होती. ती नसती तर त्या घराचं आपल्यापर्यंत काय आलं असतं? एका पडलेल्या भिंतीची नोंद, आणि तीही मेलेल्यांच्या नावाशिवाय.

तुम्हाला काय वाटतं? आणि ही परंपरा पुढे कुठे गेली, याबद्दल कुणाच्या घरातलं काही असेल तर तेही लिहा.

तिरकस

लेख आवडला, निष्कर्ष पटला नाही.

तुम्ही कर्ममेळा निवडलात, ठीक. पण चोखोबांच्या नावावर तो दुसरा अभंगही आहे ना, ज्यात ते म्हणतात की मी पूर्वजन्मी नीळा होतो, कृष्णाची निंदा घडली, म्हणून महाराचा जन्म आला. 'आम्हां पूर्वींचें हें फळ.' म्हणजे छळणाऱ्याची फिर्याद छळलेल्याच्याच तोंडून. तक्रार दाखल करायची जागा म्हणता, पण तिथला न्यायाधीश फिर्यादीलाच आरोपी करतो आणि फिर्यादी नमस्कार करून घरी जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गुरं ओढायला. पाटलाची झोप काही मोडली नाही.

देवाच्या दारात काय मिळतं ते २ मार्च १९३० पासून नाशिकला मंदिरप्रवेशासाठी काळारामापुढे बसून लोकांनी पाच वर्षं पाहिलं. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. पंढरपूरचं दार उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी १ ते १० मे असे उपाशी बसले तेव्हा. सहाशे वर्षांच्या अभंगांनी जे झालं नाही ते दहा दिवसांच्या उपासाने आणि त्यामागच्या चळवळीने झालं. गाण्याने मन टिकतं, मान्य. पण टिकून काय करतं? सोसतंच ना?

माऊलीभक्त

@तिरकस, वारकरी संप्रदायाबद्दल असा सूर बरा नव्हे. ज्या काळात सावली टाळत होते त्या काळात नामदेवांनी चोखोबांना शिष्य मानलं, त्यांची समाधी स्वतः बांधली. त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणाने लिहून घेतले असं जनाबाईच्या अभंगात आहे. आजही आमच्या दिंडीत कोण कुठल्या जातीचा हे कुणी विचारत नाही. संतांना आजच्या फूटपट्टीने मोजू नका.

भीमाकाठ (धागाकर्ती)

@माऊलीभक्त, नामदेवांचं मोठेपण मी नाकारत नाहीये. लिहून घेणारा भेटला म्हणून अभंग उरले, हेही खरं. पण दिंडीचं म्हणाल तर इरावती कर्वे वारीला गेल्या त्या काळात दिंड्या जातवार होत्या, आणि एकाच वाटेने, एकच नाव घेत चालणाऱ्या बायका जेवायला मात्र वेगवेगळ्या बसत होत्या. त्यांनी ते लिहून ठेवलंय, आणि ते त्यांना किती लागलं हेही. विसावं शतक अर्धं होत आलं होतं तेव्हा. मग चौदाव्या शतकाला आजची फूटपट्टी लावू नका म्हणताना आपण नेमकं कुणाला सांभाळून घेतो?

@तिरकस, नीळ्याचा अभंग मलाही टोचतो. तो टाळून पुढे जाता येत नाही. पण एकाच घरात दोन्ही आहेत हे बघा ना. बाप म्हणतो माझंच काहीतरी चुकलं असणार, मुलगा म्हणतो तुझं चुकलं. एका पिढीत एवढं अंतर पडलं आणि ते अंतर त्याच विठोबापुढे, त्याच छंदात पडलं.

बाबासाहेबांबद्दल एक. 'द अनटचेबल्स' हे पुस्तक १९४८ चं. येवल्याची घोषणा होऊन तेरा वर्षं झाली होती, हा धर्म सोडायचा हे कधीच ठरलं होतं. ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांच्या स्मृतीला. सोडून जाताना मागे वळून ऋण लिहून ठेवणं याचा अर्थ तुम्ही कसा लावाल?

तिरकस

ऋण मानणं वेगळं, रस्ता मानणं वेगळं. अर्पणपत्रिकेत चोखामेळा आहे. दीक्षाभूमीवर नाही.

ढोलकीवाला

हा प्रश्न कागदावर सुटायचा नाही, जलशाकडे या.

जलशाने तमाशाचा साचा मोडला नाही, आतला माल बदलला. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, सवालजवाब तेच, फार्स तोच. शृंगार गेला. त्याच्या जागी सावकाराची नक्कल, गावच्या पाटलाची नक्कल, मेलेलं ढोर ओढायचं सोडा, पोरं शाळेत घाला. आधी सत्यशोधकांनी हे केलं, मग १९३० च्या दशकात आंबेडकरी जलसे आले. नाशिककडचे भीमराव कर्डक त्यात आघाडीचे. दिवसभर मजुरी करायची आणि रात्री गॅसबत्तीच्या उजेडात उभं राहायचं, अशी ती माणसं. ज्या गावात सभेला बंदी, तिथेही तमाशा बघायला लोक जमणारच. पाटीलसुद्धा पुढे बसायचा आणि आपलीच नक्कल बघून आधी हसायचा.

वामनदादा कर्डकांचं उदाहरण घ्या. १९२२ चा जन्म, सिन्नर तालुक्यातलं देशवंडी. मुंबईत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखवा म्हणून पुढे केलं आणि यांना अक्षर येत नव्हतं. ती लाज इतकी लागली की मोठ्या वयात अक्षरं गिरवली, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. त्या माणसाने पुढे हजारो गाणी लिहिली. ज्यांच्यासाठी लिहिली त्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून ती पाठ होतील अशीच बांधली. दोन ओळींत मुद्दा, तिसरीला ध्रुपद. शहरातले समीक्षक त्याला बाळबोध म्हणाले. म्हणोत बापडे.

तिरकसराव, मन टिकून सोसतंच ना, असं विचारलंत. जलसा बघून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी ढोर ओढायला नाही म्हणायचा. मार खायचा, पण नाही म्हणायचा.

तिरकस

हे मान्य. पण मग हे श्रद्धेचं श्रेय की श्रद्धा सोडल्याचं?

नागपुरी_झणका

काय भाऊ, श्रद्धा सोडली कुठं, बदलली.

आमच्याकडे चोखामेळा म्हटलं की आधी वसतिगृह आठवते, चोखामेळा वसतिगृह. संताच्या आधी आम्हाले खोली नंबर माहीत! पण माझे आजोबा भजनी मंडळातले. मृदंग वाजवायचे, गळा साधारण, ठेका पक्का. १४ ऑक्टोबर १९५६ ले ते दीक्षा घेऊन घरी आले अन् दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातले देव गोळा केले. वस्तीतले सगळे करतच होते. खंडोबा, मरीआई, विठोबाची तसबीर, सगळं पाण्यात. आजी रडली. देवासाठी रडली का पितळेसाठी, हे तिनं कधी सांगितलं नाही, विचारलं की विषय बदलायची.

मृदंग मात्र पाण्यात गेला नाही. टाळ गेले नाहीत. एकतारी गेली नाही. पुढच्या महिन्यात तेच मंडळ, तीच ओसरी, तोच गुरुवार (त्यात काही बदल नाही, गुरुवारी बाजार बंद म्हणून), अन् गाणी बुद्धाची, भीमाची. चाली जुन्याच. अभंगाच्या चालीत रमाई बसली, गवळणीच्या चालीत शाळा बसली. एखाद्या म्हाताऱ्याची जीभ घसरून मधातच 'विठ्ठला' यायचं, मग सगळे हसायचे अन् पुन्हा वरून सुरू.

फरक एकच पडला, अन् तो मोठा आहे. विठोबापुढं गाताना विचारावं लागायचं की तू आमच्यावर अशी पाळी का आणली. बाबासाहेबांले असं विचारायची गरजच नव्हती. बाबासाहेबांनी पाळी आणली नव्हती. मग प्रश्न कुणाले विचारायचे? गावाले. सरकारले. ते तेव्हापासून चालू आहे.

वैशाखवणवा

सगळे पुरुष जलशात आणि भजनी मंडळात रमलेत म्हणून मी घरात येते.

बेबीताई कांबळे. फलटणजवळ निंबुऱ्याला छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायला जी रद्दी यायची ती आधी वाचायच्या, मग पुडी बांधायच्या. वाचता वाचता लिहायला लागल्या, आणि लिहिलेली पानं नवऱ्यापासून नि मुलापासून लपवून ठेवली. महिना, वर्ष नाही, वीस वर्षं. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकात क्रमशः आलं, १९८६ ला 'जिणं आमुचं' पुस्तक झालं. म्हणजे बाहेरची जुलूमशाही जातीची, आतली नवऱ्याची, आणि कागद दोघांच्याही नजरेआड.

श्रद्धेबद्दल त्या काय लिहितात ते या धाग्यावर यायलाच हवं. आषाढ महिना. वर्षभर कोरडी भाकरी खाणाऱ्या महारवाड्यात तेवढा एक महिना सणाचा. अंगणं सारवलेली, बायकांना न्हायला मिळायचं, अंगात यायचं, वाजंत्री, पोतराज. ज्या सुनेला वर्षभर कुणी माणसात धरत नाही तिच्या अंगात आली की सासू तिच्या पाया पडते. बेबीताई कट्टर आंबेडकरी, त्या याला अज्ञानच म्हणतात, अंधार म्हणतात. पण लिहितात मात्र असं की वाचताना तो महिना आपल्यालाही हवासा वाटतो. ज्या अंधश्रद्धेवर त्या तुटून पडतात तिच्यातच आपल्या आया-आज्यांना जगायला चार दिवस मिळत होते, हे त्यांना दिसतं आणि त्या ते लपवत नाहीत.

@तिरकस, तुमचा प्रश्न 'टिकून काय करतं?' असा होता. बायकांच्या बाबतीत पुष्कळदा नुसतं टिकणंच चार माणसांचं काम असतं. पोरं जगली पाहिजेत, मग त्यातलं एखादं दीक्षाभूमीवर जाईल. अंगात येणाऱ्या सुनेची नात शाळेत गेली. मधली साखळी तुटली असती तर कोण गेलं असतं?

टेक्सासकर

वाचतोय. थोडं बाहेरचं उदाहरण. इथल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये गेलात तर गुलामीच्या काळातली गाणी अजून ऐकू येतात. मालकाने गुलामाला स्वतःचा धर्म दिला, त्यात 'मालकाची आज्ञा पाळ' हे वचन अधोरेखित करून दिलं. गुलामांनी त्याच पोथीतून दुसरीच गोष्ट उचलली : इजिप्तच्या राजाची गुलाम असलेली माणसं, आणि त्यांना सोडवून नेणारा मोझेस. १८७१ पासून फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ती गाणी गावोगाव गाऊन कॉलेजसाठी पैसे उभे केले.

कर्ममेळ्याने तेच केलंय असं मला वाटतं. देव तुमचाच, पण जाब आमचा. महात्मा फुल्यांना हे नातं १८७३ मध्येच दिसलं होतं, 'गुलामगिरी' त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. पुढे १९७२ ला दलित पँथरने नाव घेतलं तेही तिकडच्या ब्लॅक पँथरवरूनच.

माऊलीभक्त

वैशाखवणवा यांचा प्रतिसाद आवडला. भीमाकाठताई, दिंडीचं तुम्ही म्हणालात त्यावर घरी विचारलं. वडील म्हणाले, त्यांच्या लहानपणी पाणी वरून ओतायचे. जास्त बोलले नाहीत. मी पण नाही खोदलं.

गोदाकाठची

पहिल्यांदाच लिहितेय, सांभाळून घ्या. माझी मावशी बीडकडची, सत्तरी ओलांडलेली. तिच्या ओव्या रेकॉर्ड करायचं मनात होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या गावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात. तिथे बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐकल्या आणि म्हटलं आपल्या घरातही असतील की.

खुर्चीवर बसवून मोबाईल पुढे धरला तर मावशीला एक ओवी येईना. 'गिरणी आली अन् सगळं गेलं बाई.' मग भाचेसुनेने परसातलं जुनं जातं धुऊन आणलं, मूठभर ज्वारी टाकली. मावशीने पदर खोचला, पाय पसरला, खुंटा धरला. दोन-तीन फेरे मुकाट्याने. आणि मग जी लागली ती आम्हाला थांबवता येईना. हात थांबला की ओवी थांबायची, हात सुरू की पुढची यायची.

पहिली ओवी विठोबाची, रुक्मिणी रुसल्याची. दुसरी आईची. तिसरीत बाबासाहेब पाव्हणे म्हणून दारात आलेत आणि ही रमाबाईला म्हणतेय, उठ, पाणी दे. सूटबूट, हातात पुस्तक, सगळं वर्णन. मग नवऱ्याने मारलेली एक, ती गाताना सुना एकमेकींकडे बघायला लागल्या. मग पुन्हा विठोबा. मी म्हटलं, मावशी, तुम्ही तर दीक्षा घेतलेली, विठोबा कसा काय चालतो? म्हणाली, 'देव्हाऱ्यात नाही चालत. जात्यावर चालतो. जात्यावर मला कोण विचारतं?'

तिरकस

इथे मी थांबतो. म्हणजे पटलं असं नाही. पण 'जात्यावर चालतो' याला माझ्याकडे युक्तिवाद नाही. विठोबाच्या आणि बाबासाहेबांच्या ओवीची चाल एकच होती का?

गोदाकाठची

एकच. पहिली ओळ तिथल्या तिथे फिरते, दुसरीत नाव येतं. मारहाणीच्या ओवीत तिने भावाला हाक मारली, तिथे आवाज वर गेला, बाकी चाल तीच.

ढोलकीवाला

रेकॉर्डिंग कुठे ऐकायला मिळेल?

गोदाकाठची

मावशीला विचारलं. विठोबाच्या आणि बाबासाहेबांच्या टाक म्हणाली. मारल्याची टाकायची नाही, तिचे मालक अजून आहेत.

भीमाकाठ (धागाकर्ती)

मग ती नकोच. बाकीच्यांसाठी वेगळा धागा काढा, ओव्या अक्षरी उतरवायला मी आणि वैशाखवणवा मदत करू. नागपुरी_झणका, तुमच्या आजोबांच्या मंडळाची वही अजून कुणाकडे असली तर तिचे फोटो काढून ठेवा, पावसाळ्याआधी.